गावच नाही, तर पंचायत कुणाची?

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात पर्थला असतात. मागच्या सुट्टीत ते गाडीनं उत्तरेकडे फिरायला गेले होते. वाटेतून मुलीनं एका पाटीचा फोटो पाठवला. पाटीवर 'शायर ऑफ मर्चिसन' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "बाबा, ही इथली ग्रामपंचायत समजा. सकाळपासून गाडी चालवतोय, एक पेट्रोल पंप सोडला तर काही लागलं नाही. हद्दीत एकसुद्धा गाव नाही म्हणतात." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. गाव नाही तर घरपट्टी कुणाकडून घेतात? ग्रामसभेचा कोरम कसा भरतो? निधी कशाच्या आधारावर येतो? तिथे ग्रामसेवक असतो का? आणि मुळात गावच नाही तर पंचायत ठेवलीय कशाला? शेजारच्या पंचायतीला जोडून का टाकत नाहीत? सविस्तर सांगावं.
— एक निवृत्त ग्रामसेवक, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : भाऊसाहेब, तुमचं पत्र दोनदा वाचलं. हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं विचारायला दप्तर सांभाळलेलाच माणूस हवा. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

आधी या मुलखाचा आवाका डोळ्यांपुढे आणा. मर्चिसन पंचायतीची हद्द सुमारे 50,000 चौरस किलोमीटर आहे. आपले पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे चारही जिल्हे एकत्र केले तरी 42,000 च्या थोडे पुढे जातात. म्हणजे जुन्नरपासून चंदगडपर्यंतचा सगळा प्रदेश मांडला तरी मर्चिसनची हद्द उरतेच. आणि एवढ्या जागेत माणसं किती? गेल्या काही जनगणनांचे आकडे शंभर ते दीडशेच्या आसपास फिरतात. महाराष्ट्रात सर्वांत विरळ वस्ती गडचिरोली जिल्ह्यात आहे. 2011 च्या जनगणनेनुसार तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये 74 माणसं राहतात. मर्चिसनमध्ये एका माणसाच्या वाट्याला सुमारे 400 चौरस किलोमीटर जागा येते. तेवढ्याच जागेत गडचिरोलीच्या हिशेबानं तीस हजार माणसं राहिली असती.

तुमच्या मुलीनं सांगितलं ते खरं आहे. सरकारदप्तरी 'गाव' म्हणून नोंदलेलं एकही ठिकाण या हद्दीत नाही. पर्थपासून सुमारे 700 किलोमीटरवर मर्चिसन सेटलमेंट म्हणून एक ठिकाण आहे. तिथे पंचायतीचं कार्यालय, डिझेल-पेट्रोल आणि गरम जेवण मिळणारं एक रोडहाऊस, प्रवाशांना तंबू ठोकायला किंवा कॅराव्हॅन उभी करायला जागा, एक छोटं संग्रहालय, मैदान आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांची घरं आहेत. मुलीला लागलेला 'एक पेट्रोल पंप' बहुधा हाच. म्हणजे गावात पंचायतीचं ऑफिस असं इथे नाही. पंचायतीच्या ऑफिसभोवती चार घरं आहेत.

गाव का वसलं नाही? त्याचं पहिलं कारण पाऊस. वर्षाकाठी साधारण दोनशे ते अडीचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. एखाद्या वर्षी चक्रीवादळाचा पाऊस आत घुसतो आणि नदी पसरून किलोमीटरभर रुंद होते, मग दोन वर्षं ढगही फिरकत नाहीत. लाल माती, मुल्गा नावाची बाभळीच्या कुळातली बुटकी झाडं आणि खारट पानांची झुडपं. या जमिनीवर एक मेंढी जगवायला पंधरा-वीस हेक्टर रान लागतं. आपल्या माणदेशातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रान संपलं की कळप पुढे सरकतो आणि वाटेतल्या शेतकऱ्याला खत मिळतं. मर्चिसनमध्ये उलट झालं. 1870 च्या दशकापासून गोऱ्या पशुपालकांनी सरकारकडून जमीन भाडेपट्ट्यानं घेतली, तिला कुंपण घातलं आणि मेंढ्या तिथेच ठेवल्या. अशा एका पट्ट्याला तिकडे 'स्टेशन' म्हणतात, रेल्वेच्या स्टेशनाशी त्याचा संबंध नाही. एकेक स्टेशन लाखो एकरांचं असतं, त्यावर एक घर, एक लोकर कातरण्याची शेड आणि शेजारी घर पन्नास-साठ किलोमीटरवर. या हद्दीत अशी तीसेक स्टेशनं आहेत. त्याशिवाय पिया वाजारी नावाची मूळनिवासी लोकांची एक छोटी वस्ती आहे.

दुसरं कारण सोनं. मर्चिसन हे नाव ऑस्ट्रेलियात सोन्यासाठी प्रसिद्ध आहे. 1890 च्या दशकात माउंट मॅग्नेट, क्यू, मीकाथारा या ठिकाणी सोनं सापडलं आणि रानात रातोरात गावं उभी राहिली. मलेवाहून निघालेली रेल्वे 1898 मध्ये क्यूला पोचली. पण ही सगळी ठिकाणं आजच्या मर्चिसन पंचायतीच्या पूर्वेला, दुसऱ्या पंचायतींच्या हद्दीत आहेत. ज्या पंचायतीला मर्चिसन हे नाव मिळालं तिच्या वाट्याला ना सोनं आलं, ना रेल्वे. मग दुकानं, खानावळी, टपाल कचेरी, बँक हे काही आलं नाही. आणखी एक गोंधळ टाळायला हवा. 1969 साली पडलेली आणि विज्ञानाच्या पुस्तकांत गाजलेली 'मर्चिसन उल्का' इथली नाही. ती व्हिक्टोरिया राज्यातल्या मर्चिसन नावाच्या दुसऱ्या गावाजवळ पडली.

पण या भागाला ओसाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाजारी यामाजी हे मूळनिवासी लोक इथे हजारो वर्षं राहत आले आहेत. कुठल्या खडकाच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही, हे त्यांना पाठ होतं. स्टेशनं झाली तेव्हा पाण्याच्या याच जागा कुंपणात गेल्या, आणि ज्यांची ती जमीन होती तेच लोक तिथे गुराखी आणि मेंढपाळ म्हणून राबू लागले. लोकसंख्येच्या रकान्यात आकडा कमी दिसतो, त्यामागे ही गोष्टही आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांनी तो आकडा वाचताना ती विसरू नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. गाव नाही तर पंचायत कशाला? भाऊसाहेब, आपल्याकडे पंचायत गावातून निघाली. पांढरीत घरं, काळीत शेतं आणि मधे पार, अशी आपली कल्पना. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्थानिक कारभार रस्त्यातून निघाला. 1871 च्या एका कायद्यानं तिथे जागोजाग 'रोड बोर्ड' म्हणजे रस्ते मंडळं नेमली गेली. शहरांच्या नगरपालिका वेगळ्या आणि बाकी सगळ्या रानाला रस्ते मंडळं. त्यांचं काम नावातच होतं. लोकर बंदरापर्यंत आणि पीठ, चहा, साखर स्टेशनापर्यंत पोचली पाहिजे, म्हणून वाट राखायची. 1 जुलै 1961 रोजी नव्या कायद्यानुसार राज्यातल्या उरलेल्या सगळ्या रस्ते मंडळांचं नाव बदलून 'शायर' झालं. नाव बदललं तरी काम तेच राहिलं. म्हणून मर्चिसनची पंचायत माणसं किती आहेत यावर उभी नाही, ती माणसांमधल्या अंतरावर उभी आहे.

ते अंतर राखायचं म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. पंचायतीकडे हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते आहेत आणि त्यातले बहुतेक मुरमाचे. कार्नार्व्हन ते मलेवा हा त्यातला मोठा. मुरमाच्या रस्त्यावर जड ट्रक धावले की काही आठवड्यांत त्यावर आडव्या लाटा उठतात, पन्हळी पत्र्यासारख्या. त्यावरून गाडी गेली की दात वाजतात, स्क्रू ढिले होतात आणि वेग जास्त असला तर चाक रस्त्याला टेकतच नाही. त्या लाटा मोडायला ग्रेडर लागतो. तोच आपला पिवळा, लांबलचक, पोटाखाली तिरकं पातं असलेला ग्रेडर, तुम्ही रोजगार हमीच्या पाणंद रस्त्यांवर कधीतरी तो मागवला असेलच. तिथला ग्रेडरचा चालक सकाळी कामाला निघून संध्याकाळी घरी येत नाही. तो मागे राहण्याची खोली असलेली गाडी ओढत नेतो, रानातच मुक्काम करतो आणि कित्येक दिवस एकाच रस्त्यावर पुढे सरकत राहतो. पातं तिरकं धरून कडेला सांडलेला मुरूम पुन्हा मधे ओढायचा आणि मधला भाग माशाच्या पाठीसारखा किंचित उंच ठेवायचा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निथळतं. उंचवटा चुकला तर पाऊस रस्त्याच्या मधूनच वाहतो आणि पुढच्या वेळी तिथे ओढा झालेला असतो. शेवटचा किलोमीटर होईपर्यंत पहिल्या किलोमीटरवर पुन्हा लाटा उठू लागलेल्या असतात.

पाऊस आला की पंचायत रस्ते बंद करते. कार्यालयाकडून कोणता रस्ता खुला, कोणता बंद, कोणता फक्त उंच गाड्यांना खुला, याची यादी निघते. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. ओल्या मुरमावर एका ट्रकनं पाडलेली खोल चाकोरी बुजवायला ग्रेडर दोनशे किलोमीटरवरून यावा लागतो, हे कळलं की तो दंड जाचक वाटत नाही. आपल्याकडे एखाद्या वाडीचा रस्ता पावसात खचला तर वाडीतली चार पोरं फावडी घेऊन येतात. तिथे फावडं घेऊन येणारा माणूसच पन्नास किलोमीटरवर राहतो.

बाकीच्या गोष्टी पंचायत करत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे पाणीपुरवठ्याची टाकी उभी राहील. नळयोजना नाही. प्रत्येक स्टेशनाची स्वतःची कूपनलिका असते, पूर्वी पवनचक्की पाणी उपसायची, आता बऱ्याच ठिकाणी सौरपंप आले. वीजही ज्याची त्यानं करायची, जनरेटरवर नाहीतर छपरावरच्या सौर पट्ट्यांवर. लांबवरच्या स्टेशनांवरची मुलं 'स्कूल ऑफ द एअर' मध्ये शिकतात. पूर्वी रेडिओवर वर्ग भरायचे, आता इंटरनेटवर भरतात. आजारपणाला 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' आहे, जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्यानं 1928 मध्ये सुरू केलेली. तिचा एक तळ मीकाथारात आहे.

या सेवेतली एक गोष्ट मला फार आवडते. लांबवरच्या स्टेशनांवर औषधांची एक मोठी पेटी दिलेली असते, तिच्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. घरातली बाई फोनवर लक्षणं सांगते. कुठे दुखतं हे नेमकं सांगता यावं म्हणून शरीराच्या चित्रावरही क्रमांक असतात. डॉक्टर शेकडो किलोमीटरवरून सांगतो, अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या आत्ता द्या, सहा तासांनी पुन्हा फोन करा. औषधाचं नाव वाचताना होणारी चूक त्या क्रमांकानं टाळली. रात्री विमान उतरवायचं असेल तर घरातलेच लोक धावपट्टीवरून गाडी फिरवून कांगारू हाकलतात आणि दोन्ही कडांना दिवे लावतात. दिवे नसले तर डब्यांत रॉकेल ओतून पेटवायचे, असंही वर्षानुवर्षं चाललं.

पैशाचं काय? घरपट्टीच्या जागी तिथे 'रेट' असतो. तो घरावर बसत नाही, स्टेशनाच्या भाडेपट्ट्यावर आणि खाणकामाच्या परवान्यांच्या जमिनीवर बसतो, आणि वर काही न बांधलेल्या जमिनीचं मूल्य धरून आकारला जातो. खातेदार मोजके असल्यामुळे वसुलीचं रजिस्टर तुम्ही एका बैठकीत वाचून संपवाल. एवढ्यावर हजार किलोमीटरचे रस्ते राखणं अशक्य आहे, म्हणून खरा आधार अनुदानाचा. ऑस्ट्रेलियाचं केंद्र सरकार 1974-75 पासून स्थानिक संस्थांना आर्थिक साहाय्य देतं. त्याचे दोन भाग आहेत, एक सर्वसाधारण आणि एक खास स्थानिक रस्त्यांसाठी. राज्याचा अनुदान आयोग ते वाटतो.

आता नीट लक्ष द्या, कारण इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सर्वसाधारण भागातला 30 टक्के हिस्सा राज्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात जातो, म्हणजे पर्थसारख्या शहरांनाही काही मिळतंच. उरलेलं वाटताना आयोग विचारतो, या पंचायतीनं ठीकठाक सेवा द्यायची म्हटली तर तिला खर्च किती येईल आणि स्वतःच्या बळावर ती किती पैसा उभा करू शकेल? त्या दोहोंमधली दरी भरायचा प्रयत्न होतो. विरळ वस्ती, लांब अंतरं, सामान आणायचा खर्च हे सगळं त्या हिशेबात धरलं जातं. आणि दोन्ही भाग तुमच्या भाषेत 'अबंधित' आहेत. रस्त्याचा पैसासुद्धा रस्त्यांच्या लांबीवरून आणि दर्जावरून मोजून दिला जातो, पण खर्च कुठे करायचा हे पंचायत ठरवते.

तुम्हाला पंधराव्या वित्त आयोगाचं वाटप माहीत आहे. राज्याराज्यांत स्थानिक संस्थांचा निधी वाटताना लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन दिलं होतं, आणि ग्रामपंचायतीकडे आलेल्या पैशातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता. मी गडचिरोलीतल्या भामरागड आणि धानोरा तालुक्यांतल्या काही गावांत गेलो आहे. पाच-सहा पाड्यांची एक ग्रामपंचायत, एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जायला नाला ओलांडायचा, पावसाळ्यात तो चार महिने आडवा. तिथल्या ग्रामसेवकाला लोकसंख्येच्या हिशेबानं जे मिळतं, ते नारायणगावच्या बाजारपेठेच्या पंचायतीशी एकाच तराजूत तोललं जातं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. नाल्यावरच्या पुलाचा खर्च पलीकडे किती माणसं राहतात यावरून कमी होत नाही. मर्चिसनची व्यवस्था मला आवडते ती एवढ्यासाठी. तिथे अंतर हा खर्चाचा रकाना आहे.

शेजारच्या पंचायतीत विलीन का करत नाहीत, याचंही उत्तर तिथेच मिळतं. ऑस्ट्रेलियात विलीनीकरणं पुष्कळ झाली. क्वीन्सलँड राज्यानं 2008 मध्ये 157 स्थानिक संस्था एकत्र करून 73 वर आणल्या. पण त्याच राज्यातल्या डायमंटिना, बुलिया, बारकू यांसारख्या वाळवंटी, विरळ वस्तीच्या पंचायती स्वतंत्रच राहिल्या. दोन मोठी शहरं जोडली तर एक कार्यालय वाचतं, एक कचरा गाडी दोन्हीकडे फिरते. पन्नास हजार चौरस किलोमीटर आणखी पन्नास हजारांना जोडले तर काय वाचणार? रस्ता एक मीटरनंही आखूड होत नाही. उलट कार्यालय लांब जातं आणि ग्रेडर कुठल्या रस्त्यावर आधी पाठवायचा याचा निर्णय तो रस्ता कधी न पाहिलेला माणूस घेऊ लागतो.

ग्रामसभेचा कोरम हा तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबलो. आपल्या कायद्यात मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. मर्चिसनला हा नियम लावला तर पंधरा-वीस मतदारच पुरतील, पण तेही पन्नास-पन्नास किलोमीटरवरून आणावे लागतील! तरी ग्रामसभेसारखी गोष्ट तिथेही आहे. राज्याच्या 1995 च्या कायद्यानुसार वर्षातून एकदा मतदारांची सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. तिथे झालेले ठराव सदस्य मंडळावर बंधनकारक नसतात, पण त्यांचा विचार मंडळाच्या बैठकीत करावा लागतो. सदस्यांची संख्या नव्या नियमानुसार पाच हजारांपर्यंतच्या लोकसंख्येला पाच ते सात. आपल्या सर्वांत लहान ग्रामपंचायतीला सात सदस्य असतात, म्हणजे हिशेब जवळजवळ सारखाच. निवडणूक दर दोन वर्षांनी ऑक्टोबरात होते, मुदत चार वर्षांची आणि एका वेळी साधारण निम्म्या जागा भरल्या जातात. ऑस्ट्रेलियात लोकसभेसारख्या निवडणुकांना मतदान सक्तीचं आहे, पण या राज्यात पंचायतीचं मतदान ऐच्छिक आहे. सरपंच, म्हणजे तिथला 'प्रेसिडेंट', अशा लहान पंचायतीत सदस्यच आपल्यातून निवडतात. सदस्य बरेचदा स्टेशन चालवणारे स्त्री-पुरुष असतात. मेंढ्यांची कातरणी सुरू असताना शंभर-दीडशे किलोमीटर मुरमाच्या रस्त्यानं बैठकीला यायचं आणि परत जायचं, हे सोपं नाही. रस्त्याची तक्रार मात्र कुणाला लिहून द्यावी लागत नाही, सदस्य त्याच रस्त्यानं आलेला असतो.

ग्रामसेवकाच्या जागी तिथे मुख्य कार्यकारी अधिकारी असतो. तुमच्यात आणि त्याच्यात एक मोठा फरक आहे. तुम्ही जिल्हा परिषदेचे कर्मचारी होता, बदली वरून व्हायची, आणि सरपंचाशी पटलं नाही तरी दप्तर तुमच्याच ताब्यात राहायचं. तिथे सदस्य मंडळ स्वतः जाहिरात देऊन अधिकारी निवडतं आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा करार करतं. अशा ठिकाणी यायला माणूस तयार व्हावा म्हणून घर पंचायतीनंच बांधून द्यायचं. हिशेबतपासणी, अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, आराखडे हे कागद मात्र पर्थमधल्या दोन लाख वस्तीच्या नगरपालिकेला जे लागतात, जवळजवळ तेच इथेही. हे वाचून तुम्ही मान हलवाल, मला माहीत आहे.

तुम्ही पत्रात विचारलं नाही, पण जुन्नरच्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही अशी एक गोष्ट आहे. या मर्चिसनचं तुमच्या तालुक्याशी नातं आहे. खोडदच्या त्या मोठ्या जाळीदार ताटल्या तुम्ही रोज पाहत आला आहात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणी, काही खोडदजवळ एकवटलेल्या आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरमध्ये पसरलेल्या. काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मी तिथे गेलो होतो. मोबाइल बंद करून एका दुर्बिणीखाली उभा राहिलो. बाजूला कांद्याचं शेत, पलीकडे द्राक्षांचे मांडव. वर पाहिलं तर तारांच्या जाळीतून निळं आकाश आरपार दिसत होतं आणि वारा त्यातून बारीक शीळ घालत होता. मग मोटर सुरू झाली आणि ती अवाढव्य ताटली सावकाश दुसरीकडे वळू लागली, शेतात खुरपणाऱ्या बायकांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना ते रोजचंच होतं.

दुर्बिणीला ऐकू येतात त्या आकाशातल्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा मोबाइल, एफएम केंद्र, गाडीची ठिणगी, चालू मायक्रोवेव्ह, कशानंही त्या बुडून जातात. म्हणून माणसं कमी असलेली जागा हवी. 2012 मध्ये जगातल्या अनेक देशांनी मिळून स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या महादुर्बिणीसाठी दोन जागा ठरवल्या, दक्षिण आफ्रिकेतली कारू आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली मर्चिसन. मर्चिसनच्या बूलार्डी स्टेशनाच्या जमिनीवर आता कमी वारंवारितेची दुर्बीण उभी राहते आहे. ताटल्या नाहीत, तर माणसाहून थोडे उंच, नाताळच्या झाडासारखे दिसणारे 1,31,072 अँटेना, 512 गटांत मांडलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 70 किलोमीटरहून जास्त. हे अँटेना 50 ते 350 मेगाहर्ट्झच्या लहरी ऐकतील. आपला एफएम रेडिओ याच पट्ट्यात वाजतो, म्हणजे शहराजवळ ही दुर्बीण बहिरीच झाली असती. भोवतीच्या 70 किलोमीटरच्या परिघात रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणांवर कडक बंधनं आहेत आणि 260 किलोमीटरपर्यंत नवं काही उभारायचं तर आधी विचारावं लागतं. दुर्बिणीच्या जागेवर मोबाइल चालत नाही, आणि संगणकांची इमारत धातूच्या कवचात बंद आहे, कारण संगणकही लहरी सोडतो.

खोडदची जीएमआरटी या प्रकल्पाची अधिकृत पूर्वसूरी मानली जाते. महादुर्बिणीचा मेंदू, म्हणजे सगळ्या उपकरणांना हुकूम देणारी आणि त्यांची खबर ठेवणारी आज्ञावली, पुण्याच्या एनसीआरए संस्थेच्या पुढाकारानं तयार होते आहे. 2024 च्या सुरुवातीला भारत सरकारनं या प्रकल्पातल्या सहभागासाठी 1,250 कोटी रुपये मंजूर केल्याचं जाहीर झालं. म्हणजे पुण्यात गणेशखिंडीत बसून लिहिलेली आज्ञा त्या गाव नसलेल्या पंचायतीच्या रानात पाळली जाणार आहे.

फरक एवढाच की खोडदची शांतता आपल्याला गर्दीच्या मधून राखावी लागते. नारायणगावचे मोबाइल टॉवर, पुणे-नाशिक रस्ता, कारखाने, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, या सगळ्यांशी तिथले अभियंते वर्षानुवर्षं झगडत आले. मर्चिसनला ती शांतता आयती मिळाली. शंभर वर्षं जिच्यामुळे तिथे दुकान टाकायला कुणी आलं नाही, तीच रिकामी जागा आज अवघं जग जपतं आहे. पण ती शांतता तशी आयती नाही, असंही मला म्हणावंसं वाटतं. वाजारी यामाजी लोकांशी करार झाल्यावरच 2022 च्या डिसेंबरात बांधकामाला सुरुवात झाली. त्यांनी या जागेला आपल्या भाषेतलं नाव दिलं, इन्यारीमान्हा इल्गारी बुंदारा. अर्थ असा की आकाश आणि तारे मिळून वाटून घेणं. तिथे पोचायचा रस्ता अर्थातच पंचायतीचा ग्रेडर राखतो.

शेवटी एक काम सांगतो. वाजारी लोक आकाशगंगेत एमू पाहतात, तो शहामृगासारखा मोठा पक्षी. तो ताऱ्यांचा नाही. आकाशगंगेच्या उजेडात ज्या काळ्या जागा दिसतात त्यांचाच त्याचा आकार. एमू आकाशात कसा दिसतो यावरून रानातल्या एमूंची अंडी केव्हा मिळतील हे त्यांना कळायचं, जसं मृग आणि आर्द्रा यांवरून आपला शेतकरी पेरणीचं ठरवतो. पूर्ण एमू नीट बघायचा तर मर्चिसनला जावं, तिथे तो डोक्यावर येतो. पण त्याचं डोकं तुम्हाला जुन्नरमधूनही दिसू शकेल. मे महिन्यात, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊ-साडेनऊला खोडदच्या माळावर दिव्यांपासून दूर जा आणि दक्षिणेला तोंड करा. क्षितिजाच्या जरा वर त्रिशंकूचे चार तारे दिसतील. धूळ नसेल तर त्यांच्या डावीकडे खाली लागूनच एक काळा डाग आहे, तिथे तारेच नाहीत असं वाटणारा. तेच डोकं. त्या वेळी पर्थमध्ये मध्यरात्र झालेली असेल, तेव्हा मुलीला फोन दुसऱ्या दिवशी करा.